खजिन्याच्या चित्रपटात काय आहे, ते तिकिटाआधी सांगा

प्रति,
चित्रपटांना वयोगटानुसार प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे, म्हणजे आम्ही दोघे, दोन मुले आणि माझ्या सासूबाई, एक ऐतिहासिक साहसपट पाहायला गेलो होतो. १८१८ च्या धामधुमीत किल्ल्यावर दडवलेला खजिना, मोडी लिपीतला अर्धा फाटलेला कागद, त्याचा उरलेला अर्धा भाग शोधत निघालेली दोन भावंडे, त्यांच्या मागावर एक इंग्रज अंमलदार आणि त्या अंमलदारालाही न जुमानणारा एक मांत्रिक, अशी ती गोष्ट होती. जाहिरातीत 'सहकुटुंब पाहावा असा' हे शब्द होते आणि आपण दिलेले चिन्ह यूए ७+ असे होते, म्हणजे सात वर्षांखालील मुलांना दाखवावा की नाही हे पालकांनी ठरवावे. माझ्या मुलीला सात पूर्ण होऊन चार महिने झाले होते आणि मुलगा अकरा वर्षांचा आहे, तेव्हा तिकिटे काढताना मला दुसरा विचार करावासा वाटला नाही. चित्रपटाचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही, कारण माझी तक्रार त्या एका चित्रपटाविरुद्ध नाही. निर्मात्यांनी रीतसर चित्रपट आपल्यापुढे ठेवला, आपण रीतसर चिन्ह दिले, आम्ही ते चिन्ह पाहून आत गेलो, आणि तरीही जे व्हायला नको होते ते झाले.

काय झाले ते सांगण्याआधी घरातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. माझी मुलगी पायाळू आहे. पोटात ती अखेरपर्यंत पायांकडून होती आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली, एवढाच त्याचा वैद्यकीय अर्थ. पण सासूबाईंच्या लेखी पायाळू माणूस म्हणजे उसण उतरवणारा हक्काचा वैद्य. कमरेत उसण भरली की त्या सतरंजीवर पालथ्या झोपतात आणि नात त्यांच्या पाठीवर अलगद पाय ठेवून तीनदा दाबते. उसण त्याने जाते की नाही हे मला ठाऊक नाही. पण घरात कोणालाही न येणारे काहीतरी आपल्याला येते, याचा त्या मुलीला कोण अभिमान होता.

चित्रपटात मध्यंतरानंतर मांत्रिक त्या दोन भावंडांपैकी धाकटीला पकडतो, कारण ती पायाळू असते. पायाळू माणसाच्या डोळ्यांत विशिष्ट अंजन घातले की जमिनीतले धन दिसते, ही आपल्याकडची जुनी समजूत. ती संवादातून नीट समजावून सांगितली जाते. मग तळघर, हळदकुंकवाचे रिंगण, लिंबे, आणि मुलीचे डोळे बोटांनी ताणून त्यांत भरले जाणारे काजळ. त्याआधी एका हमालाच्या मुलाचा बळी दिला गेल्याचे भिंतीवरच्या सावलीतून दाखवलेले असते. या मुलीच्या गळ्याशी सुरा येतो, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून बराच वेळ हलत नाही, आणि मग भाऊ दोरावरून झेप घेऊन तिला सोडवतो. रक्ताचा एक थेंबही दिसत नाही. चित्रपटगृहात टाळ्या पडल्या. माझ्या मुलीने आजीच्या पदराआडून मला एवढेच विचारले, "पायाळू म्हणजे माझ्यासारखीच ना गं?"

घरी आल्यावर तिने दोन प्रश्न आळीपाळीने विचारले: आपल्या घराखाली काही पुरलेले आहे का, आणि मी पायाळू आहे हे कोणाकोणाला माहीत आहे. पुढच्या आठवड्यात सासूबाईंना उसण भरली तेव्हा ती पाठीवर पाय ठेवायला तयार झाली नाही. अजूनही होत नाही.

एका मुलीच्या भीतीवरून मंडळाने आपली पद्धत बदलावी असे मी म्हणणार नाही. साहसकथेत भीती असायचीच. भुयारात दिवा विझला नाही तर भुयाराला अर्थ काय? मी स्वतः अशा गोष्टींवर वाढले आणि माझ्या मुलाने हा चित्रपट जागेवरून न हलता पाहिला. कात्री चालवा, दृश्ये गाळा, बंदी घाला, यांतले काहीही मी मागत नाही. मी विचारते आहे ते वेगळे आहे: हा चित्रपट माझ्या मुलीला दाखवावा की नाही हे ठरवण्यासाठी मला जी माहिती हवी होती, ती आपल्याकडे असताना माझ्यापर्यंत का पोहोचली नाही?

माझी पहिली आणि मुख्य तक्रार हीच आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सुरुवातीला सर्वांसाठी आणि फक्त प्रौढांसाठी असे दोनच वर्ग होते. १९८३ साली मधला यूए वर्ग आला आणि बारा वर्षांखालील मुलांना चित्रपट दाखवावा की नाही याचा विचार पालकांवर सोपवण्यात आला. २०२३ च्या दुरुस्तीने त्या एका वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन भाग झाले आणि २०२४ च्या नियमांनी ते अमलात आले. ही सुधारणा चांगली आहे. सात वर्षांचे मूल आणि पंधरा वर्षांचे मूल एकाच पाटीखाली बसवणे चूकच होते. मात्र ही तिन्ही चिन्हे केवळ शिफारशीदाखल आहेत आणि अंतिम निर्णय पालकांचा आहे, असे त्याच वेळी सांगण्यात आले. निर्णय माझा असेल, तर तो मी कशाच्या आधारावर घ्यायचा? घाटात 'पुढे धोका आहे' अशी पाटी असते, तशी 'दरडी कोसळण्याचा संभव' अशीही असते. दुसरी वाचून मनुष्य वर पाहतो, पहिली वाचून नुसता दचकतो. यूए ७+ ही पहिल्या प्रकारची पाटी आहे. पोस्टरवर, तिकिटाच्या पानावर, जाहिरातीत मला आकडा दिसला, कारण कोठेही दिसले नाही. पडद्यावर प्रमाणपत्र झळकते तेव्हा तर आम्ही पैसे देऊन, मुलांना खुर्च्यांवर बसवून, दिवे मालवलेल्या सभागृहात असतो.

यातली विसंगती अशी की, हाच चित्रपट पुढे मोबाइलवर आला तर कारण सांगावे लागते. ऑनलाइन मंचांसाठी २०२१ मध्ये जे नियम झाले, त्यांत वयोगटासोबत आशयाचे थोडक्यात वर्णन देणे आणि तेरा वर्षांपुढच्या वर्गांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय ठेवणे बंधनकारक आहे. म्हणजे सोफ्यावर बसून, हातात थांबवण्याचे बटण असताना मला जे आधी कळते, ते अंधाऱ्या सभागृहात, जिथे काहीच थांबवता येत नाही, तिथे कळत नाही. ब्रिटनचे मंडळ प्रत्येक चित्रपटाबाबत पालकांसाठी आशयाची माहिती प्रसिद्ध करते आणि अमेरिकेत १९९० पासून श्रेणीसोबत कारण देण्याची प्रथा सुरू झाली. आपल्या परीक्षण समितीचे सदस्य चित्रपट पाहून त्यावर मत नोंदवतात, म्हणजे कारण लिहिण्याचे काम बहुतांशी झालेलेच असते. ते आमच्यापर्यंत आणायचे तेवढे राहिले आहे.

दुसरी तक्रार मोजमापाची. मुलांसाठी काय सौम्य आणि काय तीव्र हे ठरवताना रक्त आणि जखमा फार मोजल्या जातात आणि भय फार कमी, अशी माझी समजूत पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींवरून झाली आहे. हे खजिन्याच्या चित्रपटांच्या बाबतीत पूर्वीही घडलेले आहे, आणि त्या घटनेचा आपल्याशी जवळचा संबंध आहे. १९८४ साली 'इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम' प्रदर्शित झाला, तेव्हा अमेरिकेत त्याला लहान मुलांनी पालकांच्या सल्ल्याने पाहावा अशी श्रेणी होती. त्यात जिवंत माणसाच्या छातीतून हृदय काढण्याचे दृश्य होते, खाणीत राबणारी, चाबकाचे फटके खाणारी मुले होती. पालक संतापले. त्याच उन्हाळ्यातल्या 'ग्रेम्लिन्स' या चित्रपटानेही त्यात भर घातली. अखेर स्वतः दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीच मधली एक श्रेणी असावी असे सुचवले आणि १ जुलै १९८४ पासून तेरा वर्षांची नवी श्रेणी सुरू झाली. (बारा वर्षांची रेघ आपण त्याच्या वर्षभर आधीच ओढली होती, हे येथे नोंदवण्यासारखे आहे.) ब्रिटनमध्ये बारा वर्षांची श्रेणी १९८९ साली आली, आणि आज तेथील मंडळ धमकी व भय हा विषय हिंसेपासून वेगळा काढून तपासते. मला हे वेगळे काढणे फार महत्त्वाचे वाटते. सात वर्षांच्या मुलाला तलवारीच्या लढाईतले पन्नास मेलेले सैनिक आठवत नाहीत. त्याला आठवते ते आपल्याएवढ्या मुलाचे ताणलेले डोळे आणि हलता न येणे. आपल्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मुले हिंसेची बळी, कर्ती किंवा बळजबरीची साक्षीदार असलेल्या दृश्यांचा उल्लेख आहे. त्याच तत्त्वांत सर्वांसाठी खुला असलेला चित्रपट मुलांसह सगळ्या कुटुंबाला एकत्र बसून पाहता यावा, अशी कुटुंबयोग्यतेची व्याख्याही आहे. तत्त्वे आहेत. त्यांतले कोणते, कोणत्या चित्रपटाला, कसे लावले, एवढेच आम्हाला कळत नाही.

तिसरी तक्रार खास आपल्या मातीतली आहे. परदेशी साहसपटातला खजिना ही मुलांसाठी परीकथा असते. आपल्याकडे गुप्तधन ही परीकथा नाही. त्याच्या नावाने लोक आजही फसवले जातात, खड्डे खणतात आणि त्याहून भयंकर गोष्टी करतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात नरबळी व अघोरी प्रथांविरुद्ध जो कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तो उगाच नाही. आता चित्रपटात मांत्रिक दुष्ट आहे, तो शेवटी दरीत कोसळतो, तेव्हा चित्रपट अंधश्रद्धेच्या बाजूने नाही, असे म्हणता येईल. मीही तसेच म्हणाले असते, पण त्या तळघरात अंजन घातल्यावर मुलीला भिंतीआडचे सोने खरोखरच दिसते. मांत्रिक वाईट ठरतो, त्याची विद्या मात्र खरी ठरते. मोठ्यांना ही गंमत वाटेल. ज्या घरात कोणी पायाळू आहे आणि त्याविषयी चार गोष्टी प्रेमाने का होईना बोलल्या जातात, त्या घरातल्या मुलाला ती बातमी वाटते.

आणि मोठ्यांना तरी गंमतच वाटते असे कशावरून धरायचे? मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात माणसे रात्री विजेऱ्या घेऊन शेते खणत होती, कारण एका ऐतिहासिक चित्रपटात त्या भागातल्या मोगल खजिन्याचा उल्लेख आला होता. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, हा १८७८ चा कायदा आजही लागू आहे. पण आम्ही पाहिलेल्या चित्रपटात शेवटी दोन्ही भावंडे मोहरांच्या हंड्यात हात बुडवून हसतात आणि पडदा पडतो. पडद्यावर कोणी विडी पेटवली तर कोपऱ्यात आरोग्याचा इशारा येतो, चित्रपटाच्या सुरुवातीला आणि मध्ये तंबाखूविरोधी चित्रफीत दाखवावी लागते. विडीला इशारा आहे, मुलाच्या बळीला नाही.

चौथी तक्रार 'ऐतिहासिक' या शब्दाची. हा शब्द पोस्टरवर आला की आमच्यासारख्या पालकांचे निम्मे शंकासमाधान तिथेच होते: मुले काहीतरी शिकून येतील, असे वाटते. मार्गदर्शक तत्त्वांत चित्रपट त्यात दाखवलेल्या काळाच्या संदर्भात तपासावा असे म्हटले आहे. ते योग्यच आहे, पण येथे काळ खरा आणि माणसे काल्पनिक अशी सरमिसळ होती. पेशवाईचा शेवट खरा, १८१८ खरे. मांत्रिक, अंमलदार, खजिना आणि किल्ल्यावरचा रखवालदार सरदार सगळे काल्पनिक. सुरुवातीला तशी सूचना आली, पण ती बारीक अक्षरांत, इंग्रजीत आणि इतकी झरझर की मी तिसऱ्या ओळीवर असताना ती गेली. माझ्या मुलाने दुसऱ्याच दिवशी त्या सरदाराचे नाव इतिहासाच्या वहीत लिहिले आणि शाळेत त्याच्याविषयी सांगण्याची तयारी केली. मी ते खोडायला लावले तेव्हा तो म्हणाला, "मग एल्फिन्स्टनही खोटा का?" एल्फिन्स्टन हा त्या काळातला खराखुरा इंग्रज अधिकारी. त्याला मी काय उत्तर दिले ते लांबलचक आहे, येथे नको.

याच तक्रारीला जोडून एक गोष्ट. चित्रपटातली जंगलात राहणारी माणसे अंगाला राख फासून, अगम्य ओरडत भाले फेकतात आणि डझनाने मरतात. वर उल्लेख केलेला १९८४ चा चित्रपट १९३५ च्या भारतात घडतो. त्यातल्या भारतीयांच्या चित्रणावर आपल्या सरकारने आक्षेप घेतला, पटकथेत बदल मागितले, आणि शेवटी चित्रीकरण श्रीलंकेत झाले. परक्यांनी आपल्याला रानटी दाखवले तेव्हा आपण रागावलो, ते बरोबरच होते. आपणच आपल्या डोंगरातल्या माणसांना तसे दाखवतो आणि मुलांना सहकुटुंब नेतो, तेव्हा तो राग कोठे जातो, हे आपल्यापैकी कोणीतरी परीक्षणाच्या वेळी विचारले असेल अशी मला आशा आहे.

मध्यंतरात एका भयपटाची झलक दाखवली गेली, ती मुलीने कान झाकून काढली. तो दोष कदाचित आपला नसेल, चित्रपटगृहाचा असेल. पण यूए ७+ च्या खेळात कोणत्या झलका दाखवाव्यात यावर कोणाचे तरी नियंत्रण असायला हवे, एवढे म्हणून पुढे जाते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

वयाचे चिन्ह जेथे जेथे दिसते, म्हणजे पोस्टर, जाहिरात, तिकिटाचे पान आणि चित्रपटगृहाची पाटी, तेथे त्याच्या शेजारी एका वाक्यात कारण असावे, आणि ते चित्रपटाच्या भाषेत असावे. 'लहान मुलीला बांधून बळी देण्याचा प्रयत्न, दीर्घ भयदृश्य, एका मुलाचा मृत्यू सूचित' एवढे शब्द मला पुरले असते. ते वाचून मी मुलाला नेले असते आणि मुलीला घरी आजीजवळ ठेवले असते. चित्रपटाचे एक तिकीट कमी खपले असते, निर्मात्याचे याहून अधिक नुकसान झाले नसते. कथानक आधी फुटेल, ही निर्मात्यांची हरकत मला समजते. ज्याला वाचायचे नाही त्याने वाचू नये.

परीक्षणाच्या वेळी भय, विशेषतः मुलांना पात्र करून निर्माण केलेले भय, हिंसेपासून वेगळे मोजावे आणि रक्त दिसले नाही म्हणून ते सौम्य धरू नये. त्यासाठी मुलांसाठी दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या परीक्षण समितीत बालमानसतज्ज्ञ किंवा प्राथमिक शाळेत शिकवण्याचा अनुभव असलेली एक तरी व्यक्ती असावी.

गुप्तधनासाठी बळी, अंजन, मांत्रिकाची विद्या अशी दृश्ये असतील तर त्या वेळी पडद्यावर, तंबाखूच्या इशाऱ्याप्रमाणेच, हे कृत्य गुन्हा असल्याची ओळ असावी. दृश्य कापू नये. ओळ पुरेशी आहे.

स्वतःला ऐतिहासिक म्हणवणाऱ्या चित्रपटात खरे काय आणि कल्पित काय, याची सूचना चित्रपटाच्या भाषेत, वाचून होईल इतका वेळ आणि आवाजातही द्यावी, कारण सात वर्षांचे मूल जोडाक्षरे अजून बोट ठेवून वाचते.

या पत्राची प्रत मी आपल्या कार्यालयाकडे रीतसर पाठवत आहे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणार आहे. पुढच्या सुट्टीत या चित्रपटाचा दुसरा भाग येत असल्याचे शेवटच्या पाट्यांत जाहीर झालेले आहे. मुलाने त्यासाठी आतापासून हट्ट धरला आहे आणि मुलीने तो भाग बघायचा की नाही हे मला ठरवायचे आहे. त्याआधी निदान पहिल्या मागणीचा निर्णय व्हावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
दोन मुलांची आई